रात्रभर चालणाऱ्या खेळाचं परीक्षण

आमच्या झाडीपट्टीत नाटक पाहायचं म्हणजे जेवणखाण उरकून, अंगावर घोंगडी घेऊन निघायचं आणि उजाडल्यावर परतायचं. वडसा ही या नाटकांची पंढरी. दिवाळी झाली की तिथल्या नाट्यमंडळ्या गावोगाव जातात. तेव्हा जागरणाची मला सवय आहे, आणि पाहिलेल्या नाटकावर चार शब्द लिहिण्याची खोडही आहे. पण गेले तीन महिने मी ज्या खेळाचा एकुलता एक प्रेक्षक आहे, त्याला ना नेपथ्य, ना कथानक. पात्रं मात्र उदंड. हा खेळ आमच्या फाटकाच्या खांबावरचा कॅमेरा करतो आणि प्रत्येक पात्राच्या प्रवेशाला माझ्या उशाखालचा मोबाईल घंटा देतो.

कॅमेरा घेतला तो चोरांच्या भीतीने नव्हे. बँकेतल्या कारकुनाच्या घरात काय सापडेल, हे चोरांना पक्कं ठाऊक असतं. आमचं घर चंद्रपूरच्या दुर्गापूर भागात, वीज केंद्राच्या बाजूला. फेब्रुवारी २०२२ मध्ये एकाच आठवड्यात केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा आणि दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला. त्यानंतर आमच्याकडे कोणी अंधारात सहज म्हणून बाहेर पडत नाही. अपवाद आमच्या मातोश्रींचा. पहाटे साडेचारला उठून पारिजातकाखाली फुलं वेचण्याचा त्यांचा नेम चाळीस वर्षांचा आहे, आणि "बिबट्याला काय माझी हाडं चघळायची आहेत?" हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. तेव्हा कॅमेरा.

पहिल्या रात्री १४३ वेळा घंटा झाली. मी प्रत्येक वेळी उठलो. पेरूची फांदी हलली. ट्रकचा उजेड भिंतीवरून सरकला. दोरीवर विसरलेली माझी लुंगी वाऱ्याने उभी राहिली आणि बसली. एक पतंग आला. तोच पतंग गेला. दीड ते तीन या वेळात एका कोळ्याने काचेपुढे जाळं विणलं आणि प्रत्येक धाग्याची वर्दी मला मिळाली. सकाळी शेजारचे भाऊजी कुंपणावरून म्हणाले, "काऊन जी, रातभर मोबाईल वाजून राहिला होता तुमचा? कोणाकडं काही झालं का?" मी म्हटलं, "पान हललं."

यात नटाचा दोष किती आणि नाटककाराचा किती, हे तपासणं परीक्षकाचं काम. हा कॅमेरा कशालाही ओळखत नाही. आत्ताचं चित्र आणि क्षणापूर्वीचं चित्र शेजारी ठेवतो आणि ठिपके बदलले की ओरडतो. आमच्या एका जुन्या अधिकाऱ्यांचं असंच होतं. चेकवरची सही नमुन्याशी ताडताना वेलांटी जरा वाकडी दिसली की चेक परत. खातेदार वैतागले, तेव्हा साहेबांनी उलटं टोक गाठलं आणि सही आहे एवढं पाहून चेक पास होऊ लागले. या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबायचं, हे सांगणारं परिपत्रक काही आमच्या टेबलावर आलं नाही.

रात्री तर कॅमेरा स्वतःच कीटकांना आवतण देतो. त्याच्या भिंगाभोवती आपल्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचे दिवे असतात. त्या उबेला नि उजेडाला किडे येतात आणि भिंगाच्या इतक्या जवळ असतात की चिलट पडद्यावर गरुडाएवढं दिसतं. पाऊस पडला की थेंब काजव्यांसारखे चमकतात. दुकानदार म्हणाला, अंगाची उष्णता ओळखणारा सेन्सर घ्या, तो पानाला फसत नाही. खरं आहे. पण त्याला अंग आणि भोवताल यांच्या तापमानातला फरक लागतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, भिंत, रस्ता आणि मी यांत फरक माझा मलाच कळत नाही, तिथे सेन्सरचं काय घेऊन बसलात!

चिरंजीवांनी मग ॲपमध्ये एक खूण केली: 'फक्त माणूस'. आता माणसाची आकृती दिसली तरच घंटा. काय सांगू, रात्र एकदम मुकी झाली. आठ दिवस मी असा झोपलो की सौ.ने दोनदा श्वास तपासला. घंटा होई ती फक्त पहाटे साडेचारला, मातोश्रींच्या प्रवेशाला: 'अनोळखी व्यक्ती आढळली'. मी कूस बदलत असे.

नवव्या सकाळी भाऊजींनी हाक मारली. अळूच्या वाफ्यात ओल्या मातीवर पंजे उमटले होते. मोबाईल पाहिला, तर काही नाही. मग कॅमेऱ्यातलं कार्ड काढून सगळं चित्रण पाहिलं. चार वाजून पाच मिनिटांनी बिबट्या भिंतीवरून उतरला. पारिजातकाखाली बसला. मांजर चाटतं तसा पंजा चाटला. चार सोळाला उठून, आला तसा गेला. अकरा मिनिटं. घंटा नाही. आणि चार चौतीसला, हातात परडी घेतलेली आमची आई दिसताच कॅमेऱ्याने मला इमानेइतबारे उठवायचा प्रयत्न केला होता.

मी ते चित्रण तीन वेळा पाहिलं. चौथ्या वेळी पाहवलं नाही.

तेव्हा माझा आक्षेप लिहून ठेवतो. खोट्या घंटा कमी करायला म्हणून जी सोय दिली आहे, तिच्या लेखी चार पायांचं सगळंच खोटं. मांजर खोटं, गाय खोटी, बिबट्या खोटा. ज्या शहरात हे नाटक लिहिलं गेलं तिथे खलनायक दोन पायांवरच येत असणार. त्या नाटककाराने दुर्गापुरात एक रात्र काढलेली नाही.

कॅमेऱ्याला हे शिकवता येत नाही असं मात्र नाही. ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठ गावात २०२३ साली वाघ ओळखणारे कॅमेरे बसवले. जनावर दिसलं की गावकऱ्यांना मोबाईलवर इशारा जातो. आणि जंगलातल्या साध्या कॅमेऱ्यांचा संयम पाहा. २०१८ च्या देशभरच्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी ३,४८,५८,६२३ फोटो काढले, त्यांत वाघाचे ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. बँकेची सवय म्हणून भागाकार केला: साधारण ४५५ फोटोंमागे एक वाघ. पण त्यांपैकी एकाही फोटोसाठी रात्री कोणाला उठवलेलं नाही. ते टिपतात आणि गप्प बसतात. निवड मागाहून सावकाश होते. माझ्या उशाशी मात्र ते गणनेचं कार्यालय रोज रात्री भरत होतं, आणि आईला मागाहून सावकाश कळून भागणार नव्हतं.

'फक्त माणूस' ही खूण मी त्याच दिवशी पुसली. मग चौघांनी मिळून एक रविवार घालवला. पेरूची फांदी छाटली. लुंगी मागल्या दारी वाळू लागली. कॅमेऱ्याचं तोंड रस्त्यावरून वळवून आत, अंगणाकडे केलं. पडद्यावर बोटाने चौकट आखून भिंतीची कड आणि पारिजातकाचा बुंधा एवढंच 'पाहायचं क्षेत्र' ठेवलं. आकाश, रस्ता आणि भाऊजींची म्हैस वगळली. कॅमेऱ्यातले दिवे बंद करून अंगणाचा बल्ब दहा हात लांब लावला. किडे आता त्या बल्बकडे जातात, त्यांचा तो प्रश्न. संवेदनक्षमतेचा काटा रोज एकेक घर खाली आणला आणि भाऊजींचा काळा कुत्रा भिंतीवरून चालवून पाहिला. ज्या घराला कुत्रा दिसेनासा झाला त्याच्या एक घर वर थांबलो. शनिवारी फडक्याने जाळं पुसायचं काम माझ्याकडे आहे.

१४३ वरून आता नऊ-दहावर आलं आहे. सगळ्या खोट्याच. पण उठून पाहतो. दहा वेळा उठणं जमतं, १४३ वेळा उठणारा माणूस अकराव्या रात्री उठत नाही, एवढं मला स्वतःवरून कळलं.

मातोश्रींनी फुलांची वेळ सहावर नेली, तीही "उजेडात पांढरी फुलं बरी दिसतात" या कारणाने. बिबट्याचं नाव निघू दिलं नाही. चहा घेताना मात्र विचारतात, "काय रे, रात्री कोण कोण आलं होतं?"

"दोन मांजरं, एक घूस, आणि भाऊजींचा काळ्या तीनदा."

"मेला रोजचाच तो," म्हणतात आणि हार ओवायला घेतात.