चालतंय, पण का चालतंय?

(ठाकुर्ली येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

आज मी परीक्षण करणार आहे ते पुस्तकाचं नाही, नाटकाचंही नाही. इलेक्ट्रॉनिक्स नव्याने शिकणारी मुलं हातात मावणारा गेम घरी बनवतात ना, त्याचं. आपल्याकडची मुलं दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतात, लॅमिंग्टन रोडवरून अर्दुइनो, छोटा ओएलईडी पडदा, चार बटणं आणि ब्रेडबोर्ड आणतात. व्हिडिओ बघत वायरी जोडतात, कोड उतरवून घेतात. रात्री पडद्यावर चेंडू उड्या मारायला लागतो. आनंद अगदी खरा असतो. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. मुलाने गेम बनवला, की नुसता जोडला?

आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ‘ब्रिक गेम’ खेळलाय. वर लिहिलेलं असायचं ‘९९९९ इन १’. प्रत्यक्षात गेम मोजकेच, वेग आणि पातळी बदलून आकडा फुगवलेला. पडदा १० बाय २० चौकोनांचा. तो उघडून पाहिलाय कुणी? चिपच्या जागी काळा, घट्ट थेंब. तिथेच कुतूहल संपायचं.

याच्या अगदी उलट ‘अर्दुबॉय’. केविन बेट्स यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करून तो बाजारात आणला. आकार क्रेडिट कार्डाएवढा, पडदा १२८ बाय ६४ ठिपक्यांचा, रॅम फक्त अडीच किलोबाइट. आराखडा सगळ्यांसाठी खुला. मला तो आवडतो, कारण त्याची मर्यादा लपवलेली नाही. पण एक उणीव सांगायलाच हवी: तो तयार मिळतो. गेम लिहायला शिकवतो, वायरीशी ओळख करून देत नाही.

म्हणून मीही ब्रेडबोर्डवरच सुरुवात केली आणि दोनदा आपटलो. पहिल्यांदा काय झालं, हात बटणाजवळ नेला की न दाबताच बॅट सरकायची. घरचे म्हणाले, भूत आहे! भूत कसलं, बटण दाबलेलं नसताना ती पिन कशालाच जोडलेली नव्हती. अशी लोंबकळणारी पिन हवेतले विद्युत संकेतही पकडते. चिपच्या आतला पुल-अप रेझिस्टर कोडमधून चालू केला, बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला जोडलं, भूत गेलं.

दुसऱ्यांदा पडदाच काळा. कॉम्प्युटर सांगत होता, मेमरी शिल्लक आहे. आता हिशोब बघा. १२८ गुणिले ६४ म्हणजे ८१९२ ठिपके. एका ठिपक्याला एक बिट, म्हणजे १०२४ बाइट. अर्दुइनो उनोची रॅम २०४८ बाइट. म्हणजे निम्मी रॅम नुसत्या चित्राला! आणि मी वापरलेली लायब्ररी ही जागा प्रोग्राम सुरू झाल्यावर मागायची, त्यामुळे आधीच्या हिशोबात ती दिसतच नव्हती. माझे लांबलचक संदेश रॅममधून काढून फ्लॅशमध्ये ठेवले, पडदा उजळला.

माझी तक्रार इथे आहे. बहुतेक व्हिडिओ नेमक्या या दोन जागा उडी मारून जातात. ‘ही लाइन टाका, ही लायब्ररी घ्या, झालं.’ लायब्ररी वापरण्यात पाप नाही, मीही वापरतो. पण ती काय करते हे न सांगता दिली, तर तीही ब्रिक गेममधला काळा थेंबच झाली. फरक एवढाच, की तो थेंब आपण स्वतःच्या हाताने लावला.

यात नुकसान कुणाचं? महिन्याभराने वायर सैल होते, गेम बंद पडतो. ज्याला कारण माहीत आहे तो मल्टिमीटर काढतो. ज्याला माहीत नाही तो म्हणतो, ‘आपल्याला हे जमत नाही,’ आणि डबा माळ्यावर जातो. गेम गेल्याचं दुःख नाही हो, मूल स्वतःबद्दल चुकीचा निष्कर्ष काढतं, त्याचं आहे.

तेव्हा घरातल्या मुलाने असा गेम दाखवला, तर ‘वा!’ जरूर म्हणा. मग एक वायर काढायला सांगा आणि विचारा, आता काय होईल? त्याने आधी सांगितलं आणि तसंच झालं, तर गेम त्याचा. नाही सांगता आलं, तर रागावू नका. शेजारी बसा. खरा खेळ तिथूनच सुरू होतो.