बोलावणे आणि होकार : ख्रिस्ती इच्छास्वातंत्र्य आणि ‘स्मृतिचित्रे’

शनी अमावास्या आली की आमच्या घोडेगावात गाड्यांची रांग लागते. नगर–संभाजीनगर रस्ता सोडून त्या शिंगणापूरकडे वळतात. साडेसातीतून सुटका मागायला माणसे जातात, आणि त्याच गावच्या कांदा लिलावात शेतकरी माल द्यायचा की परत न्यायचा हे स्वतः ठरवतो. भाव मात्र त्याच्या हातात नसतो. संध्याकाळी घरी जाताना ‘नशिबात होतं’ आणि ‘माझंच चुकलं’ ही दोन्ही वाक्ये तो एका दमात बोलतो. त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही.

मी इथल्याच एका ख्रिस्ती कुटुंबातला. कॉलेजात असताना एका मित्राने सहज विचारले होते, ‘तुझे पणजोबा पटलं म्हणून ख्रिस्ती झाले, की पोटासाठी?’ मला उत्तर देता आले नाही. पुढे धर्मशास्त्राची पुस्तके चाळू लागलो तेव्हा ध्यानात आले, की मित्राचा प्रश्न ख्रिस्ती परंपरेने स्वतःलाच शतकानुशतके विचारलेला आहे. माणूस देवाला ‘हो’ म्हणतो, तो होकार त्याचा स्वतःचा असतो काय?

आधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. माल विकावा की ठेवावा, खोटे बोलावे की खरे, एवढे स्वातंत्र्य माणसाला आहे, हे ख्रिस्ती विचारातले बहुतेक पक्ष मान्य करतात. वाद आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा : पापाने वाकलेले मन आपल्या बळावर देवाकडे वळू शकते का? पवित्र शास्त्रात दोन्ही सूर आहेत. ‘अनुवाद’ या पुस्तकात मोशे लोकांपुढे जीवन आणि मरण ठेवून जीवन निवडा म्हणतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल माणसाला कुंभाराच्या हातातली माती ठरवतो. तोच पौल फिलिप्पैकरांना आपले तारण साधून घ्या असे सांगतो आणि लगेच जोडतो, की तुमच्यात इच्छाही देवच उत्पन्न करतो.

पाचव्या शतकात पेलागियसने माणसाच्या सामर्थ्यावर भर दिला. ऑगस्टिनने उत्तर दिले, की आदामाच्या पतनानंतर इच्छा उरली, पण ती स्वतःचीच बंदी झाली. तिला कृपेनेच सोडवावे लागते. १५२४ मध्ये इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली आणि पुढच्याच वर्षी ल्यूथरने ती खोडली. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये कॅथलिक निर्णय दिला : इच्छा दुबळी झाली, नष्ट झाली नाही, कृपा पुढाकार घेते आणि माणूस तिला साथ देऊ शकतो, नाकारूही शकतो.

आमच्या जिल्ह्यात हा वाद अमेरिकेमार्गे आला. १८३१ मध्ये नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनचा वारसा न्यू इंग्लंडच्या कॅल्व्हिनवादी मंडळ्यांचा होता. त्या परंपरेतला मोठा विचारवंत जोनाथन एडवर्ड्‌स. इच्छेच्या स्वातंत्र्यावरील त्याचा ग्रंथ १७५४ चा. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : माणूस आपल्याला हवे ते करतो, म्हणून तो जबाबदार आहे, पण त्याला काय हवेसे वाटेल हे त्याच्या अंतःकरणाच्या ओढीवर ठरते, आणि ती ओढ तो स्वतः निर्माण करत नाही. युक्तिवाद भक्कम आहे. तरी वाचताना मला राहून राहून वाटते, की यात माणूस आहे, पण त्याचा काळ नाही. ओढ बदलते कशी, किती दिवसांत, कोणकोणत्या भांडणांतून, हे एडवर्ड्‌सच्या तर्कात दिसत नाही. ते मला सापडले ते एका मराठी आत्मचरित्रात.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रातला आगगाडीचा प्रसंग प्रसिद्ध आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी वचन पाळले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या प्रसंगाचे दोन तऱ्हेने वाचन होते. भाविक म्हणतो, देवाने आधीच ठरवले होते. टीकाकार म्हणतो, मिशनऱ्यांनी हेरले होते. दोघांच्या हिशेबात टिळक शून्य. पण भाकीत खरे ठरले म्हणून ते भाकिताने घडले, असे होत नाही. पुस्तक दुसऱ्याने दिले. ते वाचले, तपासले, त्यासाठी घर आणि जात पणाला लावली, ती टिळकांनी. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. पूल त्यांनी बांधला नव्हता, पण चालले तेच.

तरीही टिळकांचा दाखला पुरेसा नाही, कारण त्यांच्या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली. त्यांनी पत्नीला न सांगता बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा संसार एका बातमीने मोडला. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त ही हकिकत त्या हसत-रडत सांगतात, पण हसण्याखालची जखम झाकत नाहीत. कृपेचा आनंद सांगणाऱ्या प्रवचनांत ही बाजू सहसा येत नाही, आणि म्हणून ती प्रवचने मला अपुरी वाटतात.

पुढची पाच वर्षे इच्छास्वातंत्र्याच्या अभ्यासकाने सावकाश वाचावीत अशी आहेत. ख्रिस्ती झालेल्या पतीला सोडून राहणाऱ्या जोडीदाराविरुद्ध न्यायालयात जाऊन विवाह मोडून घेण्याची सोय १८६६ च्या कायद्याने केली होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. लक्ष्मीबाई परत आल्या त्या स्वतःचा धर्म आणि सोवळे सांभाळण्याच्या बोलीवर. पतीने त्यांना ख्रिस्ती व्हा म्हणून दामटले नाही. आधी जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला आणि सोवळे गळून पडले. विश्वास त्यानंतर आला. १९०० मध्ये राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या आधी मुक्त होत्या की नंतर झाल्या? ऑगस्टिन म्हणेल, कृपा आतून काम करत होती. ट्रेंटचा पक्ष म्हणेल, त्यांनी साथ दिली. आत्मचरित्रातून हा वाद मिटत नाही. शिवाय तीस-पस्तीस वर्षांनी सांगितलेल्या आठवणींना पुढच्या विश्वासाचा रंग चढलेला असणारच. पण एक गोष्ट या पुस्तकातून ठसते : जो होकार नकाराला जागा ठेवून मागितला जातो, तोच होकार म्हणण्याच्या योग्यतेचा. कृपा खरी असेल तर तिला थांबता आले पाहिजे.

ही कसोटी मग माझ्या घरालाही लावावी लागते. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या, आणि त्यांत महार-मांग कुटुंबे मोठ्या संख्येने होती. भुकेल्या माणसाला नकाराची जागा कितपत असते, हा प्रश्न मिशनला विचारलाच पाहिजे. पण तो विचारणाऱ्यांनी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा. ब्राह्मण कवी ख्रिस्ती झाला की आपण त्याचे ‘विचारपरिवर्तन’ अभ्यासतो, आणि वेशीबाहेरचा माणूस झाला की ‘आमिष’ म्हणतो, हे कसे? गावकुसाबाहेर राहणे त्याने निवडले नव्हते. त्याला मिळालेली ती पहिली निवड असू शकते. भाकरीबरोबर कोणी त्याला नावाने हाक मारली, शेजारी बसवले, अक्षर दिले, तर त्याचे ‘पटणे’ आणि त्याचे ‘पोट’ वेगळे काढायचे कोणत्या सुरीने?

आमचा तालुका नेवासा. तिथेच ज्ञानेश्वरांनी गीतेवर भाष्य सांगितले. त्या गीतेच्या अठराव्या अध्यायात, ईश्वर सर्वांना यंत्रावर बसवल्यासारखे फिरवतो असे सांगून झाल्यावर, कृष्ण अर्जुनाला नीट विचार कर आणि तुला वाटेल तसे कर म्हणतो. दोन धर्मांचे सिद्धान्त निराळे आहेत, ते एक करण्याचा माझा हेतू नाही. पण सर्व काही सांगून झाल्यावर बोलणारा थांबतो, ऐकणाऱ्याची वाट पाहतो, ही जागा दोन्हीकडे आहे.

मित्राला आज भेटलो तर सांगेन, पणजोबा पोटासाठी गेले असतील. पण दुष्काळ संपला, मदत थांबली, गावात टोमणे सुरू झाले, तरी ते परतले नाहीत. बाप्तिस्म्याचा एक दिवस उपाशीपोटी आला असेल. त्यानंतरचा दर रविवार त्यांनी स्वतः निवडला.