‘लोकप्रिय’ या शब्दाची झाडाझडती

मंडळी, इकडे येताना आम्ही रिक्षावाल्याला पत्ता सांगायला लागलो, तर तो म्हणाला, ‘कॅम्प तीन ना? बसा.’ दुसऱ्या महायुद्धात इथं लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले आणि १९४९ साली वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. छावणी गेली, पण कॅम्पचे नंबर राहिले. लोकांना आवडले म्हणून राहिले का? नाही. ते आधीपासून होते आणि सगळे तेच बोलत होते, म्हणून राहिले. आजचा आपला विषय या एवढ्या गोष्टीत आहे.

व्हॉट्सअ‍ॅप आणि क्रोम ‘सर्वाधिक लोकप्रिय’ आहेत, असं आपण नेहमी वाचतो. आमचा आक्षेप ‘लोकप्रिय’ या शब्दाला आहे. प्रिय म्हणजे आवडीचं. आवड म्हणायची तर निवड हवी, आणि निवड म्हणायची तर ‘नको’ म्हणायची सोय हवी. किती लोक वापरतात हे शिरगणतीतून कळतं. का वापरतात ते कळत नाही.

आधी ब्राउझर घेऊ. नव्वदच्या दशकात नेटस्केपचा बोलबाला होता. मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजबरोबर फुकट द्यायला सुरुवात केली आणि काही वर्षांत नेटस्केप मागे पडला. १९९८ साली अमेरिकी सरकारनं या प्रकरणी मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं. पुढं २०१० साली युरोपात विंडोज वापरणाऱ्यांपुढं निरनिराळ्या ब्राउझरांची यादी ठेवणं कंपनीला भाग पडलं. २००८ साली क्रोम आला, तो वेगवान होता आणि लोकांनी तो आपणहून उतरवून घेतला. ती खरी निवड, हे आम्ही मोकळेपणानं मान्य करतो. पण आज अँड्रॉइड फोन हातात येतो तोच बहुधा क्रोम घेऊन. कंटाळून मायक्रोसॉफ्टचा एज घेतला, तरी २०२० पासून त्याच्या पोटातलं इंजिन क्रोमियमचंच आहे!

निरोपांची गोष्ट याहून अवघड. ब्राउझर एकट्याला बदलता येतो, निरोपाचं साधन एकट्याला बदलता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या गोपनीयता अटींवरून गदारोळ झाला, तेव्हा आम्हीही तावातावानं सिग्नल घेतलं. तिथं आम्ही आणि आमचे दोन माजी विद्यार्थी! नातवंडं, सोसायटी, दूधवाला सगळे जुन्याच जागी. महिनाभरात मुकाट्यानं परत आलो. जीमेलवरून याहूवर ईमेल जाते. व्हॉट्सअ‍ॅपवरून टेलिग्रामवर निरोप जात नाही. भिंत आहे ती इथं.

कोणी म्हणेल, सर, फुकट आहे, सोपं आहे, लिहिता न येणारी आजीसुद्धा बोलून निरोप धाडते. अगदी खरं. पण आत येताना खुशीनं आलो, एवढ्यावरून आत राहणंही खुशीचंच आहे, असं सिद्ध होत नाही.

हा नुसता शब्दच्छल नाही, बरं का. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. तशा अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. खून माणसांनी केले, अ‍ॅपनं नव्हे. ती जबाबदारी कुणी ढकलू नये. सरकारनं कंपनीला जाब विचारला, आणि त्याच महिन्यात भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल, अशी मर्यादा आली. मर्यादा योग्यच. पण पाचच का, तीन का नाहीत, हे ठरवलं कंपनीनं. ज्या रस्त्यावरून सगळं गाव चालतं, त्याचे नियम गावाला न विचारता ठरत असतील, तर त्या रस्त्याला ‘लोकप्रिय’ म्हणून कसं चालेल? त्याला सार्वजनिक म्हणा, आणि मग सार्वजनिक गोष्टीला विचारतात ते प्रश्न विचारा.

सुरुवात घरापासून करू. आमच्या इमारतीत पाणी बंद राहणार असल्याची सूचना फक्त ग्रुपवर आली. तळमजल्यावरच्या आजींकडे साधा फोन. सकाळी त्यांची बादली कोरडी. त्यांनी काही नाकारलं नव्हतं. त्या आपल्या शिरगणतीतच नव्हत्या. तेव्हा मंडळी, ग्रुप खुशाल चालवा, पण जिन्याखालच्या फळ्यावर दोन ओळी खडूनं लिहीत जा. आता तुमचे प्रश्न घेऊ.