ऑक्टोपस दिसतो, जंगल दिसत नाही

'माय ऑक्टोपस टीचर' पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेवटी डोळ्यांत पाणी आलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. २०२० साल, घरून काम, दिवसभर लॅपटॉप आणि रात्री मोबाइलवर क्रेग फॉस्टर नावाचा एक थकलेला माणूस दक्षिण आफ्रिकेच्या थंडगार समुद्रात वेटसूट न घालता उतरतोय. कोडिंगनं पिचलेल्या माणसाला आणखी काय हवं? पिपा एर्लिक आणि जेम्स रीड यांच्या या माहितीपटाला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं, तेव्हा आपल्याच घरात आल्यासारखा आनंद झाला होता.

दुसऱ्यांदा तो गोंदियाला, घरी पाहिला. या वेळी नजर ऑक्टोपसवर ठरेना. मागे सतत जे हलत होतं तेच बघत बसलो. केल्प. तळाच्या खडकाला घट्ट धरून उभी वाढणारी, माणसाच्या कितीतरी पट उंच अशी समुद्री शेवाळं. शार्कपासून वाचायला ऑक्टोपस केल्पचं पान अंगाभोवती गुंडाळते. तिची शिकार, तिचं घर, तिचं लपणं, सगळं या जंगलाच्या जिवावर. सिनेमात मात्र ते नाटकातल्या मागच्या पडद्यासारखं टांगलेलं. ते कशावर उभं आहे, कशानं पडेल, हा प्रश्नच नाही.

पडतं ते. उत्तर कॅलिफोर्नियात २०१३च्या सुमाराला तारामाशांना रोग लागला आणि अर्चिन खाणारा मोठा सूर्यफूल-तारामासा जवळपास नाहीसा झाला. मागोमाग समुद्र तापला. जांभळे सी अर्चिन, म्हणजे ते काटेरी चेंडू, बेसुमार वाढले आणि काही वर्षांत तिथलं नव्वद टक्क्यांहून जास्त केल्प गेलं. खायला काही उरलं नाही तरी अर्चिन मरत नाहीत, पोकळ शरीरानं वर्षानुवर्षं तळाला चिकटून राहतात.

यावर बनलेल्या छोट्या व्हिडिओंचा साचा तुम्ही पाहिला असेल. भीतीचं संगीत, 'झोम्बी' हा शब्द आणि हातोडीनं अर्चिन फोडणारे पाणबुडे. फॉस्टरचा सिनेमा प्रेमकथा, हे व्हिडिओ सूडकथा. मला दोन्हींची तक्रार एकच आहे: एकाला नायिका हवी, दुसऱ्याला खलनायक, आणि जंगल दोघांनाही नको.

गंमत अशी की फॉस्टर पोहतो त्या फॉल्स बेच्या पूर्वेच्या किनाऱ्यावर गोष्ट नेमकी उलटी झाली. तिथे लॉब्स्टर सरकत आले, त्यांनी अर्चिन फस्त केले. आणि त्या अर्चिनच्या काट्यांखाली तर अबलोनी शिंपल्यांची पिल्लं लपून वाढत होती! पिल्लांचं छप्परच गेलं. चोरट्या शिकारीनं आधीच खचलेलं अबलोनी आणखी घटलं. आता खलनायक कोण, सांगा. हा शिंपला, त्याची चोरी, त्यावर पोट असलेली किनाऱ्यावरची माणसं, यांतलं काहीच त्या सुंदर निळ्या फ्रेममध्ये येत नाही.

हे मला खुपतं, कारण आमच्याकडेही पाण्याखाली एक जंगल होतं. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. त्यांत देवधान, पोवन, कमळ, शिंगाडा, त्यांच्या आडोशाला मरळ आणि शिंगी, वर पाणपक्षी. काठाशी वावरणारा सारस महाराष्ट्रात आज मुख्यतः गोंदियातच उरलाय. या तलावांवरचा आमचा आवडता खलनायक म्हणजे बेशरम. अमेरिकेतून आलेलं झुडूप, गुरं तोंड लावत नाहीत, फांदी पडेल तिथे रुजतं. नावातच शिवी आहे, पटकथेचं निम्मं काम झालं. पण खरा अर्चिन शोधायचाच तर तो गवत्या मासा आहे, ग्रास कार्प. पाणवनस्पती खाऊन वाढणारा हा मासा १९५९ साली भारतात आणला गेला आणि मत्स्योत्पादन वाढवायचं म्हणून तलावा-तलावांत सोडला गेला. तो स्वतःहून चालत आला नाही. त्याआधी १९५१मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ काढणं, पाळ बांधणं कोणाचं काम हेच धूसर झालं. जमीनदारी जायलाच हवी होती, त्यात शंका नाही. पण तलाव सांभाळायची रीतही तिच्यासोबत गेली. बेशरम त्यानंतर पसरली, रिकामी जागा मिळाली म्हणून.

या गोष्टीवर सिनेमा काढायचा तर कठीण आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ढिवर समाजाबरोबर तलाव पुन्हा उभे करत आलेत. कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा अंडी घालतो, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. कामाचा पायाच ते ज्ञान. बेशरम उपटायची, पण तिथे थांबायचं नाही. उन्हाळ्यात पाणी आटलं की तळ नांगरायचा, देशी वनस्पती दुसऱ्या तलावातून आणून लावायच्या, मग देशी मासे. चिखलात उतरून लावणी करणाऱ्यांत बायाच पुढे.

इथे ऑक्टोपससारखे डोळ्यांत बघणारे कोणी नाही. पाणी गढूळ, कॅमेरा आत घातला तर हिरवट धुकं दिसेल. मरळ तर कोणाच्या बोटाला विळखा घालणार नाही. तरी मला तोच माहितीपट बघायचा आहे, ज्यात पाऊण तास फक्त रोपं लावली जातात आणि कोणीतरी शेजारणीला ओरडून सांगतं, अगं, ते पोवन तिकडे नको, खोल आहे.