रुपयाची घसरण आणि रिझर्व्ह बँकेचा हस्तक्षेप : परिणामकारकतेचा चिकित्सक विचार

मध्यवर्ती बँकेने डॉलर विकले की घसरणारे चलन सावरते, असे सरळ समीकरण पाठ्यपुस्तकांतून मांडले जाते. भारताच्या २०१३ मधील अनुभवाच्या कसोटीवर ते फारसे टिकत नाही.

२२ मे २०१३ रोजी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी रोखेखरेदी कमी करण्याचे सूतोवाच केले आणि उदयोन्मुख देशांतून भांडवल बाहेर जाऊ लागले. २०१२-१३ मध्ये भारताची चालू खात्यावरील तूट स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.८ टक्के होती. साहजिकच रुपयाला मोठा फटका बसला. रिझर्व्ह बँकेने डॉलर विकले, १५ जुलै रोजी बँकांना तातडीच्या उसनवारीसाठी लागणारा दर १०.२५ टक्क्यांवर नेला. तरीही २८ ऑगस्टला डॉलर ६८ रुपयांच्या वर गेला. महागलेल्या अल्पमुदतीच्या कर्जाचा भार मात्र उद्योगांवर पडलाच.

रुपया सावरला तो सप्टेंबरपासून. तेल कंपन्यांना रिझर्व्ह बँकेकडून थेट डॉलर मिळू लागल्याने बाजारातील मोठी मागणी बाजूला झाली. अनिवासी भारतीयांच्या किमान तीन वर्षे मुदतीच्या डॉलर ठेवी बँकांना ३.५ टक्के या सवलतीच्या दराने रिझर्व्ह बँकेकडून रुपयांत बदलून घेता आल्या. या ठेवी व बँकांची परदेशी कर्जे मिळून नोव्हेंबरअखेर सुमारे ३४ अब्ज डॉलर आले. हे वस्तुतः परत करावयाचे कर्ज होते आणि विनिमय दराची जोखीम मध्यवर्ती बँकेने स्वतःकडे घेतली होती. यशोगाथा सांगताना ही बाब सहसा वगळली जाते. शिवाय १८ सप्टेंबरला फेडरल रिझर्व्हने रोखेखरेदीतील कपात लांबणीवर टाकली, सोन्याच्या आयातीवरही निर्बंध आले. यांपैकी कशाचा वाटा किती, हे निव्वळ विनिमय दराच्या आलेखावरून सांगता येत नाही.

संशोधनपद्धतीची अडचण याहून मूलभूत आहे. हस्तक्षेप घसरणीच्या काळातच होत असल्याने आकडेवारीत डॉलरविक्री आणि घसरण बरोबरच दिसतात. त्यावरून हस्तक्षेप निष्फळ ठरविणे हे, औषध घेणारे आजारी असतात म्हणून औषधालाच दोष देण्यासारखे होईल. दुसरीकडे, विशिष्ट पातळी राखणे हा हेतू नसून केवळ अतिरेकी चढउतार रोखावयाचे आहेत, अशी रिझर्व्ह बँकेची अधिकृत भूमिका आहे. ‘अतिरेकी’ म्हणजे किती, याचा मापदंड जाहीर नसल्यामुळे ही भूमिका कोणत्याही निकालाशी जुळवून घेता येते. २०२२ मध्ये डॉलर ८३ रुपयांपर्यंत पोहोचला, तेव्हाही ती तशीच लागू पडली.

जपानचे अर्थ मंत्रालय हस्तक्षेपाची दिवसवार आकडेवारी तिमाहीने प्रसिद्ध करते. रिझर्व्ह बँकेच्या मासिक पत्रिकेत मिळतात ते महिन्याचे एकूण खरेदी-विक्रीचे आकडे. चढउतार मात्र तासांत आणि दिवसांत घडतात.