बारा आणे रोजाची आठवण

मागल्या दिवसांविषयी लिहू लागला की मराठी लेखक दोन ठिकाणी हमखास घसरतो. एक तर त्याला जुने सगळेच गोड वाटू लागते. विहिरीचे पाणी, सारवलेले अंगण, वीस माणसांची पंगत, सारे काही त्याच्या चित्रात असते. त्या पंगतीत सर्वांच्या मागून जेवणारी बाई तेवढी नसते. नाहीतर मग आजच्या सुखसोयींनी तो इतका दिपून जातो, की मागे वळून पाहणे म्हणजे केवळ ‘पूर्वी हे नव्हते, आता आहे’ अशी यादी होऊन बसते. दोन्ही प्रकारचे लेखन वाचताना बरे वाटते. पण वाचून झाल्यावर आपल्या आजच्या आयुष्याकडे आपण नव्याने पाहतो काय, असे विचारले तर उत्तर बहुधा नकारार्थीच येईल.

ही आपल्या वाङ्मयाची अटळ मर्यादा आहे, असे मात्र म्हणता येत नाही. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून वाचकांच्या हाती येऊ लागली. लक्ष्मीबाईंनी दारिद्र्य सांगितले, सोवळ्याओवळ्याचा जाच सांगितला, पतीच्या धर्मांतराने झालेली ताटातूट सांगितली, आणि बरेचसे हसत हसत सांगितले. त्या हसण्यामुळे दुःखाची रक्कम एका पैनेही कमी झालेली नाही, हे त्यांचे मोठेपण. आठवणी सांगणाऱ्याने हिशेब चोख ठेवावा. मग तो हसत मांडला काय किंवा रडत मांडला काय, वाचकाला तो पटतो.

या चोख हिशेबाच्या कसोटीला उतरणारी दोन पुस्तके मी राहतो त्या मुलखाने मराठीला दिली आहेत. पालघरहून गुजरातच्या दिशेने निघालेली गाडी उमरोळी, बोईसर, वाणगाव ही ठाणी घेत डहाणू रोडला पोचते. त्या टापूत, डहाणू आणि तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यांत, १९४५ साली दोन बाजूंनी दोन कामे सुरू झाली. २३ मे रोजी झरी गावी वारल्यांची परिषद भरली. तिच्यामागे गोदावरी परुळेकर उभ्या होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला येऊन बालशिक्षणाच्या कामाला लागल्या. एकीकडे लाल बावटा, दुसरीकडे बालवाडी. पुढे गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिले; त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ लिहिले. ही दोन पुस्तके एकापाठोपाठ एक वाचावीत, अशी माझी शिफारस आहे.

गोदावरीबाईंच्या पुस्तकातला भूतकाळ कोणालाही गोड वाटणार नाही. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने त्याच्या दारी राबत राहायचे. असल्या माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. ‘लग्न’ आणि ‘गडी’ हे दोन साधे घरगुती शब्द एकत्र आले आणि त्यांतून गुलामीचे नाव तयार झाले! झरीच्या परिषदेने ठरवले, की वेठ करायची नाही आणि रोख बारा आणे रोज मिळाल्यावाचून जमीनदाराच्या खाजगी शेतावर कामाला जायचे नाही. बारा आणे ही रक्कम आज हसण्यावारी नेण्याजोगी वाटेल. पण फुकट राबण्याची सवय लावलेल्या माणसाने प्रथमच आपल्या दिवसाला किंमत लावली, ती ही. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मारले गेले. तीन वर्षांपूर्वी, १४ ऑगस्ट १९४२ रोजी, पालघरच्या गोळीबारातही पाचच जण गेले होते. पालघरचा हुतात्मा चौक येताजाता सर्वांना दिसतो. तलवाड्याच्या पाचांची आठवण दूरच्या मराठी वाचकापर्यंत पोचवण्याचे काम मात्र या पुस्तकालाच करावे लागते.

पुस्तकात उणे नाही असे नाही. चळवळीचा आवाज कधीकधी माणसांच्या आवाजावर चढतो, आणि लेखिका स्वतःविषयी इतकी काटकसरीने बोलते, की तिच्या मनाची उलघाल आणखी कळावी असे वाटत राहते. तरीही ‘आमचे दिवस बदलले’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार या पुस्तकाने कमावला आहे. काय होते आणि ते कोणी बदलले, हे दोन्ही त्यात आहे.

अनुताईंचा सूर निराळा. लहानपणीच वैधव्य आलेली ही बाई आपल्या दैवाला बोल लावत बसत नाही. तिला सांगायचे असते ते मुलांविषयी. गुरे राखणारे मूल शाळेत येत नाही, तेव्हा शाळाच कुरणात न्यायची, ती कुरणशाळा. पाड्यावरचे पोर बालवाडीपर्यंत पोचत नाही, तेव्हा त्याच्याच अंगणात बालवाडी भरवायची; ती अंगणवाडी. १९५७ साली हे काम कोसबाडला आले, आणि १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर नेला. आज एखाद्या घरची नात अंगणवाडीत जाते, तेव्हा त्या शब्दामागे ताराबाई-अनुताईंची ही पायपीट उभी असते. ती ठाऊक असली म्हणजे रोजची साधी गोष्टही कृतज्ञतेने पाहता येते.

मला माझे आजचे आयुष्य आवडते, हे सांगायला संकोच वाटत नाही. २०१३ साली उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ पासून वीज निघते आहे, आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीने दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या माणसांच्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत. पण गोदावरीबाईंचे पुस्तक मिटून ही यादी वाचली, की तिच्यातल्या मोकळ्या जागा डोळ्यांत भरतात. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. समुद्राकाठचे घर, देऊळ, झाडे सोडून त्या माणसांना नव्या वसाहतीत नव्याने संसार मांडावे लागले. प्रकाशाच्या जमाखर्चात त्यांची नावे कोणत्या बाजूला लिहायची?

बोईसर-तारापूरचे असे आत्मकथन मला अजून वाचायला मिळालेले नाही. वर सांगितलेली दोन्ही पुस्तके मोठी खरी. पण ती बाहेरून आलेल्या, माया लावून राहिलेल्या बायांनी लिहिलेली आहेत. वारल्यांनी स्वतः आपल्या आठवणी मांडल्या त्या तांदळाच्या पिठाने, गेरूने रंगवलेल्या भिंतीवर. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला कागदावर आणली आणि २०११ साली ते पद्मश्री झाले. त्यांच्या चित्रातली तारप्याभोवती फेर धरणारी माणसे पाहिली, की लग्नगड्याच्या त्या काळातही ही माणसे नाचत होती, हे ध्यानात येते. गोदावरीबाईंच्या हिशेबाला ही जोड हवीच. आता गद्यातही ते आतून यायला हवे: उठलेल्या गावातल्या आजीचे, कारखान्यात पहिली पाळी केलेल्या कामगाराचे, अणुकेंद्राच्या वसाहतीत मुले वाढवलेल्या गृहिणीचे.

ते लिहायला साहित्यिकच पाहिजे असे नाही. भाऊबीजेला घरी मंडळी जमली, की वडीलधाऱ्यांना ‘तुमच्या वेळी कसे होते हो?’ एवढेच विचारू नका; त्या प्रश्नाला गोड उत्तरच येते. आजी, पाणी किती लांबून आणायचीस, रोज किती मिळायचा, जेवायला शेवटी कोण बसायचे, असे विचारा आणि जवळ एखादी वही ठेवा.