जोनचा चेहरा

सेमिनरीत असताना आम्ही कार्ल ड्रेयर यांचा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ हा १९२८ सालचा मूकपट व्हिडिओ कॅसेटवर पाहिला होता. कॅसेट नकलेवरून केलेली नक्कल होती. जोनची भूमिका करणाऱ्या फाल्कोनेतीचा चेहरा पांढऱ्या डागासारखा दिसे. अश्रू तर दिसतच नसत. पुढे धर्मग्रामातील युवकांसमोर बोलताना ‘थोर, पण रुक्ष’ असा शेरा आम्ही दिला. तो आज मागे घेत आहोत.

या चित्रपटाचे सामर्थ्य चेहऱ्यांत आहे. ड्रेयर यांनी नटांना रंगभूषा करू दिली नाही आणि छायालेखक रुडॉल्फ माते यांनी कॅमेरा अगदी निकट नेला. न्यायाधीशांच्या सुरकुत्या, चामखिळी, जोनचे सुकलेले ओठ हीच येथील भाषा. ती पुसली गेली की खटल्याचे केवळ टिपण उरते.

मूळ निगेटिव्ह १९२८ सालीच बर्लिनमधील आगीत नष्ट झाली. ड्रेयर यांनी न वापरलेल्या चित्रणातून दुसरी आवृत्ती जुळवली. तिलाच १९५०च्या दशकात लो द्यूका यांनी संगीत जोडले, ते ड्रेयर यांना रुचले नाही. १९६८ साली ते निवर्तले. त्यानंतर १९८१ साली ओस्लोजवळच्या डिकेमार्क मनोरुग्णालयात पहिल्या आवृत्तीची प्रत सापडली!

त्या प्रतीवरून गोमाँ कंपनीने केलेले पुनरुज्जीवन क्रायटेरियनने २०१८ साली ब्लू-रेवर आणले. त्यात ओरखडे आहेत, प्रकाश कोठे कोठे थरथरतो. जळालेल्या निगेटिव्हची तीक्ष्णता प्रतीतून पूर्णपणे परत येत नाही. परंतु फिल्मचे बारीक कण राखले आहेत, ही मोठी गोष्ट. अनेक जुन्या चित्रपटांच्या डिस्कवर हे कण धूळ समजून संगणकाने पुसले जातात आणि माणसे मेणाची होतात. कण म्हणजे मळ नव्हे, चित्र त्यांचेच बनलेले असते.

सेकंदाला २० चौकटी आणि २४ चौकटी, असे दोन्ही वेग डिस्कवर आहेत. आम्ही २० निवडला. अश्रूला गालावरून ओघळण्यास त्याचा वेळ मिळतो.

यंदाच्या प्रायश्चित्तकाळात आम्ही तोच चित्रपट पुन्हा दाखवला. तेव्हाचे काही युवक आता आपल्या मुलांना घेऊन आले होते. आधी आम्ही आमच्या जुन्या शेऱ्याबद्दल क्षमा मागितली आणि मग दिवे मालवले.